दोन चेहऱ्यांची बाटली

माझ्या खोलीतील पुस्तकांच्या कपाटावर, पवित्र मरियेच्या लहानशा मूर्तीपासून हातभर अंतरावर, द्राक्षारसाची एक रिकामी बाटली उभी असते. बाप्तिस्म्याचा दाखला न्यायला किंवा लग्नाची नोंद करायला आलेल्या मंडळींची नजर प्रथम तिच्यावर जाते, मग माझ्यावर, आणि मग सभ्यपणाने खिडकीबाहेर. दरवर्षी प्रायश्चित्तकाळात व्यसनमुक्तीवर कडक प्रवचन देणाऱ्या फादरांच्या कपाटावर ही बाटली काय करते, असा प्रश्न त्यांच्या मनात येत असणार. एका आजीबाईंनी मात्र तो विचारलाच. ''फादर, ही मिस्साची का?''

''नाही आजी,'' मी म्हणालो, ''ही भांडणाची.''

खरे तर भागीदारीची म्हणायला हवे होते. पण तोंडून गेले ते अगदीच खोटे नव्हते.

त्या बाटलीवर दोन पुरुषांच्या मुखरेषा आहेत. दोघांची डोकी मागच्या बाजूने एकमेकांना जोडलेली, आणि तोंडे विरुद्ध दिशांना. खाली दोघांच्या सह्या. एक आहे कॅलिफोर्नियातील इटालियन वंशाचा रॉबर्ट मोंडावी, दुसरा फ्रान्समधील बोर्दो प्रांतातील 'शातो मुताँ रोथशील्ड' या विख्यात मळ्याचा धनी, बॅरन फिलिप द रोथशील्ड. दोघांनी मिळून नापा खोऱ्यात जी वाइनरी उभी केली तिचे नाव 'ओपस वन'. ही बाटली माझ्याकडे कशी आली ते सांगण्यापूर्वी मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. पापनिवेदनाच्या पिंजऱ्यात ती मी केव्हाच सांगून टाकली आहे. तथापि काही चुकांची क्षमा मिळाली तरी त्या पाठ सोडत नाहीत.

१९९९ साली मी वसईतील एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. गुरुदीक्षा होऊन दोनच वर्षे झाली होती आणि जगातील बहुतेक प्रश्नांची उत्तरे मला ठाऊक होती. तेथे दोन भाऊ राहत. एकाच वाडीत दोन घरे, दोन्ही घरांची मागची दारे एकाच बावखलाकडे उघडणारी. थोरला वाडीत रमणारा. मोगरा, सोनचाफा, जास्वंद यांच्यात त्याचा दिवस जाई. धाकटा बोलका, पहाटेच्या गाडीने फुले घेऊन दादरच्या बाजारात जाणारा, दहा व्यापाऱ्यांशी हसून भाव करणारा. दोघांनी ठरवले की सामाईक पैशांतून टेम्पो घ्यावा आणि शेजारपाजारच्या वाड्यांची फुलेही न्यावीत. एका रविवारी मिस्सानंतर थोरला माझ्याकडे आला. म्हणाला, ''फादर, वकिलाकडून कागद करून घ्यावा का? बायको म्हणते, करा.''

मी हसलो. ''एका आईचे दूध प्यायलात,'' मी म्हणालो, ''तुम्हांला कागद कशाला? कागद परक्यांत करतात.''

तो सुटकेने हसला. पुढच्या आठवड्यात मी टेम्पोवर पवित्र पाणी शिंपडले. तीन वर्षांनी धाकट्याच्या दारात नवी मोटारसायकल आली आणि हा पैसा कुठून आला, असे थोरल्याने विचारले. त्या एका प्रश्नातून शिवीगाळ, शिवीगाळीतून वकील, वकिलांतून न्यायालय. बावखलाच्या मधोमध कुंपण घालता येत नाही म्हणून काठावर दोन्ही बाजूंनी घातले गेले. तोवर माझी बदली झाली होती. त्यांच्या आईच्या अंत्यविधीला मी गेलो तेव्हा दोघे दफनभूमीच्या दोन कडांना उभे होते. थोरला निरोप घेताना म्हणाला, ''फादर, तुम्ही तेव्हा कागद करा म्हणाला असता, तर...'' पुढचे वाक्य त्याने पुरे केले नाही. करण्याची गरजही नव्हती.

२०१६ साली उन्हाळ्यात महिनाभर मी कॅलिफोर्नियात होतो. तेथील एका धर्मग्रामाचे धर्मगुरू सुट्टीवर गेले होते, त्यांच्या जागी मिस्सा अर्पण करण्याची जबाबदारी माझ्यावर होती. आपल्या वसईचे एक कुटुंब जवळच राहत असे. त्यांनी एका सोमवारी गाडी काढली. ''फादर, आज तुम्हांला द्राक्षांचे गाव दाखवतो.'' सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला नापा खोरे आहे. दोन्ही बाजूंनी कोरडे डोंगर, मधून सरळ जाणारा महामार्ग, आणि दुतर्फा वेलीच वेली. आपल्याकडील नाशिकच्या मांडवांसारख्या नव्हेत. ओळीने तारांवर बांधलेल्या, कमरेएवढ्या, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलांसारख्या. ओकव्हिल या गावाजवळ आमच्या यजमानांनी गाडी हळू केली. रस्त्याच्या एका बाजूला रॉबर्ट मोंडावींची स्वतःची वाइनरी. कमान आणि घंटाघरासारखा मनोरा असलेली, स्पॅनिश फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांच्या जुन्या मठांची आठवण देणारी. (कॅलिफोर्नियात द्राक्षवेल प्रथम याच मिशनऱ्यांनी मिस्साच्या द्राक्षारसासाठी लावली, त्यामुळे मला तेथे एकदम परके वाटले नाही.) आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, गवताच्या उतारांत अर्धी पुरल्यासारखी, फिकट चुनखडी दगडाच्या खांबांची ओपस वन.

यजमान अभियंता आहेत, पण वाइनच्या इतिहासाचे वेड असलेले. त्यांनी जे सांगितले, आणि परत आल्यावर मी स्वतः जे वाचले, ते थोडक्यात सांगतो. अर्थात 'थोडक्यात' हा शब्द धर्मगुरूंनी उच्चारला की लोक बाकावर सावरून बसतात, हे मला माहीत आहे.

रॉबर्टचे वडील सेझारे व आई रोझा इटलीच्या मार्के प्रांतातून अमेरिकेत आले. रॉबर्टचा जन्म १९१३चा, मिनेसोटातील खाणींच्या गावात. अमेरिकेत १९२० साली दारूबंदी आली, पण घरापुरता द्राक्षारस करण्याची मुभा राहिली. इटालियन कुटुंबांना त्यासाठी द्राक्षे हवी होती. सेझारे कॅलिफोर्नियातून ती पाठवण्याच्या धंद्यात पडले आणि अखेर कुटुंबासह तिकडेच स्थायिक झाले. १९४३ साली त्यांनी नापातील 'चार्ल्स क्रुग' ही जुनी वाइनरी विकत घेतली. दोन मुलगे कामाला लागले. धाकटा पीटर द्राक्षारस करी. थोरला रॉबर्ट बोलका, तो विक्री पाही. वाचकहो, येथे मी गाडीत सरळ होऊन बसलो. थोरला-धाकटा यांची अदलाबदल सोडली तर हे घर माझ्या ओळखीचे होते.

१९५९ साली वडील वारले. आई घराची प्रमुख झाली. रॉबर्टला खर्च वाढवायचा होता, युरोपच्या तोडीचा माल करायचा होता. पीटर सावध होता. व्हाइट हाउसमध्ये भोजनाचे निमंत्रण आले तेव्हा रॉबर्टने पत्नीसाठी मिंकच्या फरचा भारी कोट घेतला. १९६५ साली कुटुंब एकत्र जमले असता पीटरने विचारले की या कोटाला पैसा कुठून आला. शब्दाला शब्द लागला आणि रॉबर्टने भावाला मारले. पुढे आत्मचरित्रात त्याने हे स्वतःच लिहिले आहे. आई पीटरच्या बाजूने उभी राहिली. बावन्नाव्या वर्षी रॉबर्ट बापाच्या वाइनरीतून बाहेर पडला आणि १९६६ साली काही मैलांवर त्याने स्वतःची उभारली. मग दावा. १९७६ साली न्यायालयाचा निकाल रॉबर्टच्या बाजूने लागला. त्याच वर्षी आई वारली.

कोट आणि मोटारसायकल. माणसाला भावाचे यश सलते ते त्याच्या कमाईमुळे नव्हे, दारात उभ्या असलेल्या वस्तूमुळे सलते, असे मला अनेकदा वाटते.

आता दुसरा चेहरा. बॅरन फिलिपचा जन्म १९०२चा, ज्यू सावकारांच्या जगप्रसिद्ध घराण्यातला. मुताँचा मळा त्याच्या पणजोबांनी १८५३ साली घेतला होता. फिलिपने तो विसाव्या वर्षी हाती घेतला. तेव्हाची पद्धत अशी की मळेवाल्याने पिंपे भरून द्राक्षारस व्यापाऱ्याकडे पाठवायचा आणि बाटल्या व्यापाऱ्याने भरायच्या. आत काय मिसळले जाते हे मळेवाल्याला कळत नसे. १९२४ पासून फिलिपने मुताँचा सगळा माल मळ्यातच बाटलीत भरायला सुरुवात केली. आपल्या नावाखाली जाणाऱ्या वस्तूची जबाबदारी शेवटपर्यंत आपली, हा त्याचा आग्रह. महायुद्धात फ्रान्सच्या व्हिशी सरकारने त्याची मालमत्ता जप्त केली. तो निसटून द गॉल यांच्या मुक्त सैन्यात दाखल झाला. त्याची पत्नी, कॅथलिक कुटुंबात जन्मलेली, मागे राहिली. ती पकडली गेली आणि १९४५ साली राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत मरण पावली. युद्धानंतर तो उजाड मळ्यात परतला. त्याच १९४५च्या पिकापासून दरवर्षी एका चित्रकाराकडून बाटलीची चिठ्ठी रंगवून घेण्याची प्रथा त्याने रुजवली. १८५५ साली बोर्दोच्या मळ्यांची जी प्रतवारी लावली गेली तीत मुताँ दुसऱ्या श्रेणीत होते. ते पहिल्या श्रेणीत यावे म्हणून त्याने दशकानुदशके खटपट केली आणि १९७३ साली ते साधले. त्या यादीत असा चढता बदल दुसऱ्या कोणत्याही मळ्याच्या वाट्याला आलेला नाही.

असा हा मानी मनुष्य. त्याने १९७० साली हवाई बेटांवर रॉबर्टची गाठ घेतली आणि एकत्र काही करू या, असे सुचवले. ते बोलणे तेवढ्यावर राहिले. मध्यंतरी १९७६ च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये एक चाचणी झाली. फ्रेंच परीक्षकांनी नावे झाकून द्राक्षारस चाखले आणि लाल द्राक्षारसांत नापातील 'स्टॅग्ज लीप'ला पहिला क्रमांक दिला. दुसरा आला मुताँ. पांढऱ्यातही नापानेच बाजी मारली. ज्या दोघा कारागिरांनी हे विजयी द्राक्षारस केले होते ते दोघेही पूर्वी रॉबर्टच्या हाताखाली काम केलेले. दुसरा कोणी मानी मनुष्य या प्रकाराने दुखावला असता. बॅरनने दोन वर्षांनी रॉबर्टला बोर्दोला बोलावले.

तेथील बैठकीची हकीकत मला फार आवडते. बॅरनला सकाळी अंथरुणातच कामकाज करण्याची सवय होती. अमेरिकेतून आलेला पाहुणा शयनगृहात खुर्चीवर, आणि पंचाहत्तरी ओलांडलेले यजमान उशांना टेकून. वकील खोलीत नव्हते. आणि त्या एकाच बैठकीत मुख्य गोष्टी ठरल्या: निम्मा वाटा तुझा, निम्मा माझा. द्राक्षे नापाची. मुख्य वाण काबर्ने सोव्हिन्यों, कारण तो दोघांच्याही घरचा. एकच द्राक्षारस करायचा. स्वतःची वास्तू होईपर्यंत तो रॉबर्टच्या वाइनरीत करायचा आणि करणारे दोघे असतील, मुताँचे अनुभवी लुसियें सियोनो आणि रॉबर्टचा मुलगा टिम. तोंडी ठरले ते मग रीतसर कागदावर उतरले, आणि १९८० साली भागीदारी जगापुढे जाहीर झाली. जे दोघे एका भाषेत नीट गप्पाही मारू शकत नव्हते त्यांनी कागद केला. ज्यांनी एका आईचे दूध प्यायले होते त्यांनी केला नव्हता. महामार्गाच्या कडेला, गाडीच्या काचेतून ते दगडी खांब पाहत असताना हे माझ्या मनात आले आणि मी बराच वेळ गप्प राहिलो. यजमानांना वाटले, मला गाडी लागली.

दोन्हीकडच्या रिती किती वेगळ्या होत्या! बोर्दो समुद्राजवळचे, पावसाळी. एखाद्या वर्षी द्राक्षे पिकता पिकत नाहीत. म्हणून तेथील लोक एका वाणावर विसंबत नाहीत. काबर्नेत मेर्लो, काबर्ने फ्राँ मिसळून उणीव भरून काढतात. वेली दाट लावतात, म्हणजे प्रत्येक वेलीला थोडेच घड आणि मुळांना खोल जावे लागते. नव्या ओकच्या पिंपांत द्राक्षारस मुरवतात आणि घाई करत नाहीत. नापात याच्या उलट. उन्हाळाभर पाऊस नाही, ऊन मुबलक, द्राक्षे गोड होणारच. ओळींमधून मोठा ट्रॅक्टर जावा म्हणून वेली विरळ. पोलादी टाक्या, थंड तापमानात आंबवण्याची यंत्रे. यातील पुष्कळ सुधारणा नापात रुजवण्यात रॉबर्टचाच पुढाकार होता. आणि फ्रेंच ओकच्या पिंपांचे वेडही त्याला या भेटीच्या कितीतरी आधी लागले होते. एकाकडे शतकांची शिस्त, दुसऱ्याकडे सूर्य आणि उत्साह. भागीदारीच्या मळ्यांत पुढे वेली बोर्दोप्रमाणे दाट लावल्या गेल्या, त्या काळच्या नापातील रिवाजाच्या कितीतरी पट दाट. शेजाऱ्यांना हा प्रकार वेडेपणाचा वाटला असल्यास नवल नाही.

पहिले पीक १९७९चे. १९८१ साली नापातील पहिल्या सार्वजनिक लिलावात या द्राक्षारसाची एक पेटी, म्हणजे बारा बाटल्या, चोवीस हजार डॉलरना गेली. कॅलिफोर्नियाच्या द्राक्षारसाला तोवर एवढी किंमत मिळाली नव्हती. गंमत म्हणजे तेव्हा त्याचे नावही ठरलेले नव्हते. नाव इंग्रज व फ्रेंच दोघांनाही उच्चारता यावे, म्हणून लॅटिनकडे वळायचे ठरले. बॅरनने शब्द निवडला 'ओपस'. संगीतकाराच्या रचनेला तो शब्द वापरतात. दोन दिवसांनी त्याने पुढे 'वन' जोडला: रचना पहिली. १९८४ साली १९७९ आणि १९८० ही दोन्ही पिके एकदम बाजारात आली.

सेमिनरीत ज्यांनी लॅटिनशी थोडीफार झटापट केली आहे, त्यांना 'ओपुस' म्हटले की 'एक्स ओपेरे ओपेरातो' आठवल्याशिवाय राहत नाही. संस्काराचे फळ संस्काराच्या कृतीतून मिळते, तो देणाऱ्या धर्मगुरूच्या लायकीतून नव्हे, असा त्या सूत्राचा आशय. आमच्यासारख्यांना त्याचा केवढा आधार! आमचे एक प्राध्यापक म्हणत की हे सूत्र नसते तर निम्म्या विवाहांची वैधता धोक्यात आली असती. टेम्पोला दिलेला आशीर्वाद मात्र संस्कार नव्हे. तेथे सल्ला देणाऱ्याची अक्कल लागते.

बॅरन १९८८ च्या जानेवारीत वारले. ओकव्हिलची वास्तू त्यांनी पाहिली नाही; १९८९ साली तिची पायाभरणी झाली आणि १९९१ साली ती पुरी झाली. बॅरनच्या जागी त्यांची कन्या फिलिपीन आली. भागीदार बदलला, करार तोच राहिला. याच सुमारास नापावर एक संकट कोसळले, आणि त्याची कथा मला साऱ्या प्रकरणात अधिक बोलकी वाटते. फिलोक्सेरा नावाचा एक सूक्ष्म कीटक आहे, मुळांतील रस शोषून वेल मारणारा. तो मूळचा अमेरिकेतला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन वेलींबरोबर तो युरोपात गेला आणि त्याने फ्रान्सचे मळेच्या मळे उद्ध्वस्त केले. उपाय सापडला तोही अमेरिकेतच: तेथील जंगली वेलींच्या मुळांना हा कीटक मारू शकत नाही. तेव्हा खाली अमेरिकन खुंट आणि वर फ्रेंच काडी, असे कलम करण्यात आले. आपल्या नाशिकचा शेतकरीही डॉगरीज खुंटावर कलम बांधतो, त्याला हे समजावून सांगायला नको. म्हणजे हे दोघे शयनगृहात भेटण्यापूर्वी शंभर वर्षे, फ्रान्सच्या मळ्यांत हीच भागीदारी मातीखाली चालू होती. पुढे नापातील बहुतेकांनी 'ए.एक्स.आर.-१' नावाचा एक खुंट वापरला. त्यात निम्मे रक्त युरोपीय वेलीचे होते. म्हणून तो भरघोस पीक देई, आणि म्हणूनच कीटकापुढे अखेर हरला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून नापातील हजारो एकर वेली उपटून पुन्हा लावाव्या लागल्या. ओपस वनही त्यातून सुटली नाही. वर सारे हिरवे दिसत असताना मुळाशी काय जोडले आहे हे कुणीतरी तपासायला हवे होते.

आता मोंडावी घराण्याचे पुढे काय झाले ते. रॉबर्टने आपली वाइनरी मोठी केली, १९९३ साली तिचे भाग बाजारात विकले. पैसा आला, मालकी पातळ झाली. मुलांत मतभेद होतेच. २००४ साली 'कॉन्स्टेलेशन' या बड्या कंपनीने अब्जाहून अधिक डॉलर मोजून ती सारी कंपनी घेतली. बापाच्या घरातून निघून बांधलेले घरही हातचे गेले. ओपस वनमधील निम्मा वाटा त्याबरोबर नव्या मालकाकडे गेला. पण दुसरा निम्मा रोथशील्डांकडे होता. २००५ साली दोन्ही पक्षांनी मिळून ओपस वनचा कारभार स्वतंत्र ठेवण्याचे ठरवले. शयनगृहात ठरलेला निम्मा-निम्मा वाटा, ठरवणारे दोघे बाजूला झाल्यावरही टिकून राहिला.

आणि त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. रॉबर्ट आणि पीटर, दोघेही नव्वदी गाठलेले, चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या मारहाणीनंतर प्रथमच एकत्र येऊन द्राक्षारस करते झाले. फक्त एक पिंप. त्यात दोन्ही घरच्या मळ्यांची द्राक्षे. नाव दिले 'आंकोरा उना व्होल्ता'. इटालियनमध्ये त्याचा अर्थ 'पुन्हा एकदा'. नापाच्या लिलावात तो चार लाख एक हजार डॉलरना गेला. रॉबर्ट २००८ साली वारला, पीटर २०१६ साली, एकशे एक वर्षांचा होऊन. मी नापात गेलो त्याच्या काही महिने आधी.

एका पिंपाला चाळीस वर्षे लागली. कागद असता तर ती लागली नसती, असे मी ठामपणे म्हणू शकत नाही. अब्राहाम आणि लोट यांनी जमीन वाटून घेतली, तरी पुढे लोटच्या सुटकेसाठी अब्राहामला शस्त्र उचलून धावावे लागले. वाटणी झाली म्हणून नाते संपत नाही, हे मला पूर्वीही माहीत होते. वाटणीची भाषा बोलणे म्हणजे नात्याचा अपमान नव्हे, हे मात्र मला सेमिनरीत कोणी शिकवले नव्हते. आणि शिकवले असेल तर त्या दिवशी माझे लक्ष नसावे.

त्या संध्याकाळी यजमानांनी आपल्या घरी, माझ्या गुरुदीक्षेच्या वाढदिवसाचे निमित्त काढून, ओपस वनची एक बाटली उघडली. किंमत त्यांनी सांगितली नाही आणि मीही विचारली नाही. वर्षानुवर्षे मिस्साच्या गोडसर द्राक्षारसाची सवय झालेली माझी जीभ. तेव्हा चवीचे वर्णन करण्याचा अधिकार मला नाही. पहिला घोट तुरट लागला, जांभूळ खाल्ल्यावर जीभ होते तसा. मग बराच वेळ काहीतरी मागे रेंगाळत राहिले. मी दोनदा थोडी घेतली. रिकामी बाटली धुऊन, कपड्यांत गुंडाळून, मी मुंबईला घेऊन आलो. सीमाशुल्क अधिकाऱ्याने ती उघडून हुंगली आणि माझ्या पांढऱ्या झग्याकडे पाहून न बोलता परत दिली.

बदल्यांच्या फेऱ्यात मी पुन्हा त्याच धर्मग्रामात आलो, आता प्रमुख धर्मगुरू म्हणून. बावखलाच्या दोन्ही काठांवरची कुंपणे तशीच होती, फक्त तारा गंजल्या होत्या. दोघे भाऊ मिस्साला येत. एक सकाळच्या, एक संध्याकाळच्या. मी दोघांकडेही गेलो आणि १९९९ साली दिलेल्या सल्ल्याबद्दल क्षमा मागितली. थोरला म्हणाला, ''जाऊ द्या फादर.'' धाकटा काहीच म्हणाला नाही. त्याने कॉफी आणायला सांगितली.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला थोरल्याचा मुलगा आणि धाकट्याची मुलगी, दोघे चुलत भावंडे, संध्याकाळी माझ्या खोलीत आली. दोघांना मिळून वाडीत फुलझाडांची रोपवाटिका काढायची होती. त्याने शेतीचे शिक्षण घेतले आहे, तिने हिशेबाचे. सारे बोलून झाल्यावर मुलगी म्हणाली, ''फादर, तुमचा आशीर्वाद हवा.''

''कागद केलात का?'' मी विचारले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. ''घरचीच माणसं आहोत ना, फादर,'' मुलगा म्हणाला. ''कागद म्हटलं तर बाबांना वाईट वाटेल.''

मी कपाटावरची बाटली खाली घेतली, त्यांच्या पुढ्यात ठेवली, आणि आपल्या लोकांच्या सहनशीलतेचा अंत पाहत वरील सारी कथा त्यांना सांगितली. मुलीने बाटली हातात घेऊन चेहरे निरखले. ''एकमेकांकडे पाहतच नाहीत की हे,'' ती म्हणाली.

''डोकी जोडलेली आहेत,'' मुलगा म्हणाला.

पंधरा दिवसांनी त्यांनी मसुदा आणला. वकिलाने लिहिलेला, चार पानांचा. जमीन कोणाची, झाडे कोणाची, गुंतवणूक किती, हिशेब कोण आणि केव्हा दाखवणार. एकाला बाहेर पडायचे झाल्यास काय, हे कलम मुलीने मुद्दाम घालून घेतले होते. साक्षीदारांच्या दोन जागा रिकाम्या होत्या. तेथे दोन्ही वडिलांच्या सह्या हव्यात, असा मुलांचा आग्रह. एका रविवारी मी तो कागद मिस्सागारात ठेवला. सकाळी साडेसातच्या मिस्सानंतर थोरला आला, चष्मा लावून त्याने चारही पाने वाचली आणि सही केली. संध्याकाळच्या मिस्सानंतर धाकटा आला. त्याने वाचले नाही. भावाच्या सहीकडे थोडा वेळ पाहिले, पेन मागितले, आणि शाई वाळेपर्यंत कागदावर हात ठेवून उभा राहिला.